विषय : पोकोनो सहल – खोली ४ चं नक्की काय ठरलं?

माई (एडिसन)
बापू, यादी पाहिली. ह्यांना वरचा बंक दिलाय! किडनी निकामी, पोटाचं डायलिसिस आहे, रात्रभर मशीन नळीने पोटात द्रावण सोडतं आणि परत काढतं. ते पलंगाच्या साधारण पातळीला ठेवावं लागतं. खालचा पलंग हवा, भिंतीतला तीन पिनांचा प्लग हवा (एक्स्टेन्शन चालत नाही), आणि निघालेलं पाणी सोडायची नळी दहा-बारा फुटांची, तेवढ्यात बाथरूम हवं. असं सगळं फक्त ४ मध्ये आहे. द्रावणाचे खोके कंपनी परस्पर कॅम्पवर पाठवते, येत्या शुक्रवारच्या आत पत्ता आणि खोली कळवायचीय. हे तर "लोकांची झोपमोड नको, मी येतच नाही" म्हणून बसलेत.

बापू (खोलीवाटप)
माई, ४ ही नाटकाची मेकअप रूम आहे. बैठकीत ठरलंय, इतिवृत्त पाहावे. ७ मध्ये खालचा पलंग देतो. कृपया यादीत परस्पर बदल करू नयेत, गेल्या वर्षीचा गोंधळ सर्वांना आठवत असेलच.

नाना
माई, भाऊंना झोप लागत नाही असं कानावर आलं. रात्री कपभर गरम दुधात जायफळ आणि चमचाभर अश्वगंधा. आमची आई हेच द्यायची. मनावरचा ताणही उतरतो.

शुभाताई
नाना, कृपा करा! अश्वगंधा, चूर्णं, झोपेच्या "नैसर्गिक" गोळ्या हे काहीही किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या तर नकोच, निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठत जातं. आणि कपभर दूध म्हणजे फॉस्फरस. तो वाढला की अंगाला खाज सुटते, तीही नेमकी रात्री. मी डायलिसिस वॉर्डात नोकरी केली आहे, पाठी खाजवून रक्त काढलेले पेशंट पाहिलेत. माई, आडवं झाल्यावर भाऊंचे पाय शिवशिवतात का? सारखे हलवावेसे वाटतात? तसं असेल तर लोह तपासायला सांगा. किडनीच्या आजारात हे फार दिसतं, आणि लोक वयाचा दोष म्हणून सोडून देतात.

नाना
कोजागिरीला मग मंडळ दूध देणार की नाही? त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दादा (पार्सिपनी)
दूध राहू दे. मी सेंटरवाला, तिथे जाऊन रक्ताचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. खुर्चीत छान झोप लागायची आणि मग रात्री दोनला टक्क जागा, छताकडे बघत. नर्सने दम दिला. आता खुर्चीत शब्दकोडी सोडवतो. शिवाय दुपारी तीननंतर चहा बंद. हे दुसरं जास्त जड गेलं, सौ. साक्षीदार आहेत.

बापू (खोलीवाटप)
विषयावर राहावे. माई, ७ चं काय?

माई (एडिसन)
७ चं बाथरूम पॅसेजच्या टोकाला आहे हो. नळी काय पॅसेजमधून टाकू? रात्री कोणी अडखळून पडलं म्हणजे?

आणि झोपमोडीचं म्हणाल तर मशीन खोकल्याइतकंही वाजत नाही. वाजतो तो अलार्म. पोट साफ नसलं किंवा हे कुशीवर वळून नळीवर झोपले की पाणी बाहेर येईना, की लागला बोंबलायला. पूर्वी रात्रीतून चार-चारदा व्हायचं. नर्सने सेटिंग बदलून टायडल केलं, म्हणजे दर फेरीला सगळं पाणी न काढता थोडं पोटात ठेवायचं. पाणी निघताना शेवटी जी कळ यायची तीही कमी झाली. आता अलार्म क्वचितच. पण हे अजून जागेच असतात, तो आत्ता वाजेल म्हणून कान लावून. मी म्हटलं, वाजला तर मी उठीन, तुम्ही पहारा कशाला देताय? नर्सने समुपदेशकाचं नाव दिलंय, जातो म्हणालेत. माणसांत आले तर बरं वाटेल म्हणून हा सगळा खटाटोप.

अप्पा
भाऊंना माझ्या खोलीत टाका! माझं सीपॅप आहे (झोपेत दम अडकू नये म्हणून हवा देणारं मशीन), मीही मशीनवालाच. माझ्या घोरण्यापायी गेली दोन वर्षं कोणी शेजार धरत नाही. भाऊ घोरतात का हो माई? दमही अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, किडनीवाल्यांत तेही बरंच असतं. मात्र मलाही प्लग लागेल, म्हणजे दोन झाले.

नाटक विभाग
मंडळाच्या निर्णयाचा आदर राखून, ४ मधला मोठा आरसा भिंतीला ठोकलेला आहे. सहा बायकांचे अंबाडे ७ मधल्या हातभर आरशात होणार नाहीत. शिवाय प्रयोग शनिवारी संध्याकाळी आहे, भाऊंना खोली रात्री लागते. भांडण कशाचं आहे?

शुभाताई
भांडण पावडरचं! नळी जोडताना खोली स्वच्छ हवी, खिडक्या-पंखे बंद, हात धुऊन, तोंडाला मास्क. पोटात जंतू गेले तर थेट हॉस्पिटल. मेकअप करायचा तर सहापर्यंत खोली रिकामी करून ओल्या फडक्याने पुसून द्या.

नाटक विभाग
सात. प्रयोगच सहाला आहे, कपडे कुठे बदलायचे?

माई (एडिसन)
सात चालेल, हे दहाला जोडतात. पण पुसणार कोण ते नाव टाका.

बापू (खोलीवाटप)
खोली ४ : भाऊ, माई, अप्पा. शनिवारी सातपर्यंत नाटक विभाग. पुसण्याची जबाबदारी नाटक विभागाची. ही नोंद इतिवृत्तात जाईल.

नाना
खोके उतरवून घ्यायला मी सहलीच्या आधी गुरुवारीच जातोय. वजन बरंच असेल, कोणाची हातगाडी आहे का? गेल्या वेळची कोषाध्यक्षांकडे होती, ती परत आलेली नाही.