मदत हवी आहे: बेन-१ जनुक आरएनएआयनं (दुहेरी आरएनए खाऊ घालून) बंद केला की अंडी फुटतच नाहीत

यवतमाळकडची कॉलेजची लहान लॅब. शेळ्यांच्या पोटातल्या हिमॉन्कस जंतांवर अल्बेंडाझोल हे जंतनाशक चालेनासं झालंय, म्हणून या जंतांच्या बीटा-ट्युब्युलिनचं (हे औषध ज्याला चिकटतं त्या प्रथिनाचं) काम सी. एलिगन्स या लॅबमधल्या सूत्रकृमीवर पाहायचं आहे. आधी एलिगन्सचाच बेन-१, म्हणजे त्याच प्रथिनाचा जनुक, बंद करतोय. एल४४४० प्लास्मिडमध्ये जनुकाचा पूर्ण कोडिंग (प्रथिन ठरवणारा) भाग, खाद्य म्हणून दुहेरी आरएनए बनवणारे एचटी११५ जिवाणू, तो बनवायला लावणारं आयपीटीजी १ मिलिमोलर, एल४ (शेवटच्या टप्प्यातल्या) अळ्या, २० अंश. औषध लागू पडू नये एवढंच अपेक्षित होतं, इथे पिल्लंच नाहीत. दुपारी लाईन जाते, इनक्युबेटर ३२ वर चढतो. उन्हाचा फटका असेल का?

उत्तर १
भाऊ, रिकाम्या एल४४४० च्या प्लेटवर काय दिसतं? उन्हाचं असेल तर तिथंही अंडी घटलेली असतील. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली बघा: उन्हानं बहुधा कवच नसलेले, तपकिरी, मऊ गोळे पडतात, म्हणजे फलनच नाही. लंबगोल, कवचाचं अंडं आत मेलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ता
रिकाम्या प्लेटवर पिल्लं थोडी कमी, पण आहेत. बेन-१ च्या प्लेटवर सगळी कवचाची.

उत्तर २
मग दोष तुमच्या क्लोनचा, म्हणजे प्लास्मिडमध्ये घातलेल्या तुकड्याचा. ट्युब्युलिनचे जनुक एकमेकांशी इतके जुळतात, की पूर्ण कोडिंग भागाचा दुहेरी आरएनए टीबीबी-१ आणि टीबीबी-२ या इतर बीटा-ट्युब्युलिन जनुकांनाही बंद करतो. ती दोन्ही गेली की गर्भपेशींचं विभाजन थांबतं. फक्त सी-टोक (प्रथिनाच्या शेवटाचा भाग) आणि पुढचा ३' यूटीआर (प्रथिन न बनवणारा शेवट) घ्या, तिथेच हे जनुक वेगळे पडतात.

खरं तर आरएनएआय कशाला? बेन-१ चा म्युटंट, सीबी३४७४, मिनेसोटाच्या सीजीसीकडून (एलिगन्सच्या वाणांचा साठा ठेवणाऱ्या केंद्राकडून) मिळतो. त्यात हिमॉन्कसचा जनुक टाकायचा. १९९५ साली नेमकं हेच झालं: औषधाला बळी पडणाऱ्या जंताचा जनुक टाकल्यावर म्युटंट पुन्हा औषधाला बळी पडला, प्रथिनाच्या २०० व्या जागी टायरोसिन (एक अमिनो आम्ल) असलेल्या जनुकानं तसं झालं नाही. आरएनएआय फक्त एलिगन्सच्या जनुकाबद्दल बोलतो, जंताच्या जनुकाबद्दल नाही. तुमचा प्रश्न तर जंताचा आहे.

अल्बेंडाझोल डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, प्लेटमध्ये डीएमएसओ १ टक्क्याच्या आत ठेवा, तेवढाच औषध नसलेल्या कंट्रोल प्लेटलाही. १२.५ मायक्रोमोलरपासून सुरू करा. आगरमध्ये पांढरे कण दिसले तर औषध विरघळलेलं न राहता साकळलंय, ती प्लेट टाकून द्या.

उत्तर १
यूएनसी-२२ (बंद झाला की कृमी थरथरतात असा जनुक) च्या आरएनएआयची प्लेट दरवेळी ठेवा. अळ्या थरथरत नसतील तर आयपीटीजी किंवा प्लेट जुनी, बाकी निकाल वाचूच नका. लाईन गेली की प्लेटा पालथ्या करून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या बाटलीला चिकटू न देता. आत थर्मामीटर हवाच.