चामड्याच्या पाऊचला कुठली चेन लावू? नाशिकमध्येच मिळाली पाहिजे, बजेट ३००

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. हौसेने चामड्याचं काम करतो, दीड वर्ष झालं. पाकिटं, चष्म्याची कव्हरं अशी सात-आठ झाली, सगळी दोन सुयांनी हाताने शिवलेली. चेन मात्र पहिल्यांदाच लावतोय. मामासाठी कमरपट्ट्याला अडकवायचं पाऊच आहे, म्हशीचं व्हेज टॅन, जाडी १.६ मिमी, चेनचं तोंड १८ सेंमी, सरळ, वळण कुठेच नाही. पहिलं पाऊच वाया गेलं. एकतर शिवून झाल्यावर चेन नागमोडी झाली, आणि रनर टोकाला गेला की चामड्याखाली अडकतो, जोरात ओढला तर शेवटचे टाके तुटतात. चेन आईच्या शिलाईच्या डब्यातली होती, तीन नंबर नायलॉन. तर कुठली घेऊ आणि कशी बसवू? ३०० रुपयांत चेन, रनर, चिकटवायचं सगळं बसायला हवं. मशीन नाही आणि घेणार नाही. घटस्थापनेच्या आत द्यायचंय.

सातपूर_टर्नर:
भाऊ मशीनच घे. मी मागच्या वर्षी जुनी वॉकिंग फूट घेतली, २२ हजार गेले पण चेन अशी बसते की बघत राहावं. वरचा पाय आणि खालचा दाता दोन्ही एकदम सरकतात म्हणून चामडं आणि चेनची पट्टी पुढेमागे होत नाही, तुझ्या लाटा त्यामुळेच आल्यात. घरच्या शिलाई मशीनवर चुकूनही करू नकोस, माझ्या बायकोच्या मशीनची मोटर मी तशीच जाळली.

मखमलाबादकर:
दादा, ३०० म्हटलंय आणि मशीन नाही म्हटलंय :)

लेदरवेडी_सिडको:
पितळेची घ्या, पाच नंबर, वायकेके. दुसरा विचारच नको. कंपनी जपानची, १९३४ पासूनची, योशिदा कोग्यो काबुशिकीकैशा त्यावरून वायकेके. माझ्या स्लिंग बॅगला लावलेली सहा वर्षं रोज वापरात आहे, दात अजून लोण्यासारखे चालतात. चामड्यावर पितळच दिसतं, नायलॉन लावली की दीड हजाराची बॅग शाळेच्या कंपासपेटीसारखी दिसते. किंमत जास्त आहे पण आयुष्यभराचं काम आहे.

मुंबईनाका:
वायकेकेच्या नावाने जे मिळतं ते सगळं वायकेके नसतं ताई. मीटरवर चेन वेगळी आणि रनर सुटा मिळतो, अक्षरं रनरवर असतात, खालची चेन कुणाचीही असू शकते. मी एका दुकानातून तशीच आणली, तीन महिन्यांत मधूनच उघडायला लागली. दुकानदार म्हणे तुम्ही पिशवी जास्त भरता. अजून राग येतो मला त्याचा.

पंचवटी_एक्सप्रेस:
नाशिकमध्ये वेळ घालवू नका. सकाळची पंचवटी पकडा, दादरला उतरा, लोकलने सायन, तिथून धारावी. चेन, रनर, बकल, दोरा, चामडं सगळं एका रस्त्यावर आणि निवडायला शंभर प्रकार. मी वर्षातून दोनदा जातो, ५-६ हजारांचं सामान एकदमच आणतो.

मखमलाबादकर:
१८ सेंमी चेनसाठी मुंबई?

पंचवटी_एक्सप्रेस:
एकदा जाऊन या मग सांगा.

आरी_रापी:
मखमलाबादकर, वडिलांचं भद्रकालीत बॅगदुरुस्तीचं दुकान होतं, मीही वीस वर्षं तिथे बसलो, म्हणून लिहितो. नीट वाचा. आधी नंबर समजून घ्या. चेन बंद असताना दातांची रुंदी साधारण जितके मिलिमीटर तितका तिचा नंबर. तीन नंबर आतल्या कप्प्याला, नाण्यांच्या पाकिटाला. कमरेच्या पाऊचला पाच तरी हवीच. आणि रनर त्याच जातीचा, त्याच नंबरचा घ्या, धातूच्या पाचचा रनर नायलॉनच्या पाचवर चालत नाही, लोक इथेच फसतात.
आता बसवणं. रनर अडकतो कारण तुमचं तोंड अरुंद कापलंय. पाच नंबरला १२ मिमी रुंद फट ठेवा म्हणजे रनर दोन्ही बाजूंनी मोकळा राहतो. फटीच्या दोन्ही टोकांना आधी गोल पंचने भोक पाडा आणि मग रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, भोकापासून भोकापर्यंत सरळ कापा, कोपरा चौकोनी राहिला तर चामडं तिथूनच फाटत जातं. फटीची कड आतून छिलून निम्म्यावर आणा, नाहीतर १.६ ची कड रनरला घासत राहील. चेन तोंडापेक्षा ४-५ सेंमी लांब घ्या आणि धातूची असेल तर दोन्ही टोकांचे सेंटीमीटरभर दात काढा. ओढून काढू नका, पट्टी फाटते. कटिंग प्लायरने दाताचे पाय तोडा म्हणजे तो आपोआप गळतो. मग स्टॉपर दाबून बसवा. टाका दातांवरून जाऊ द्यायचा नाही.
लाटा येतात त्या चिकटवताना. तुम्ही पट्टी ताणून चिकटवली असणार, नंतर ती आकसते आणि चामड्याला ओढते. चेन बंद करून सपाट टेबलावर ठेवा, मधोमध पेन्सिलची खूण करा, तशीच खूण चामड्यावर, आणि मध्यापासून दोन्हीकडे दाबत जा. ३ मिमीची दोन्हीकडून चिकटणारी टेप पुरते, सोल्युशन लावलंत तर पातळ लावा, दातांत गेलं की चेन गेली.

मखमलाबादकर:
आरी_रापी काका, खूप खूप आभार. पट्टी मी खरंच ताणली होती, सरळ दिसावी म्हणून.

गंगापूररोड:
हेच सांगणार होतो, पट्टी ताणू नका.

सातपूर_टर्नर:
मशीनवर हा प्रश्नच येत नाही.

नवशिकी:
मधेच विचारते, व्हेज टॅन म्हणजे काय? त्याला शाकाहारी का म्हणतात?

लेदरवेडी_सिडको:
चामडं नाही हो, कमावायची पद्धत. झाडांच्या साली नि फळांच्या टॅनिनमध्ये कमावतात, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापुरीचं चामडं तसंच. दुसरं क्रोम टॅन, ते मऊ असतं, बाजारातल्या बहुतेक बॅगा त्याच्याच.

मुंबईनाका:
कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं पण कारागिराच्या हातात काय पडलं ते सांगा. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं चामडंही गेलं, आता म्हैस नाहीतर बकरी.

पंचवटी_एक्सप्रेस:
धारावीत चेन्नई-कानपूरचा माल भरपूर येतो, कमी नाही काही.

मुंबईनाका:
मिळतो हो, पण भाव बघा. पूर्वीच्या भावात आता अस्तर येतं.

निफाडची_लेक:
धागा चेनचा आहे ना? मखमलाबादकर, एक विचारू, मामा काय करतात? पाऊच कुठे वापरणार? ते कुणी विचारलंच नाही.

मखमलाबादकर:
अरे हो, ते आधी लिहायला हवं होतं. मामाची द्राक्षाची बाग आहे दिंडोरीकडे. गोडी छाटणी (फळासाठीची) सुरू होतेय, मजुरांचे पैसे, मोबाईल, फवारणीची छोटी वही असं सगळं कमरेला हवं त्याला. दिवसभर बागेतच असतो.

निफाडची_लेक:
मग पितळ नको. आमच्याकडे पण बाग आहे. भुरी रोगासाठी गंधक मारतात, ते पितळेवर बसलं की पितळ काळं पडतं. बोर्डोचा फवारा असेल तर त्यात मोरचूद आणि चुना, ते लोखंडी भांड्यातसुद्धा कालवत नाहीत, भांडंच खातं. माझ्या वडिलांच्या जर्किनची धातूची चेन दोन हंगामांत जाम झाली, पक्कड लावून उघडायचे. नायलॉनच घ्या, पाच नंबर.

लेदरवेडी_सिडको:
काळं पडलं तर पॉलिश करता येतं. मेणबत्ती घासली की पितळ छान सरकतं. माझं मत बदललेलं नाही.

आरी_रापी:
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या डोक्यात शहरातलंच गिऱ्हाईक होतं. ओल्या व्हेज टॅनला पितळ लागलं तर हिरवट डागही पडतात. पण नायलॉनच्या वेटोळ्यात माती बसते, बागेत चिखल असतो. दर आठवड्याला जुन्या दातब्रशने साफ करायला सांगा. रनर सैल झाला तर चेन बदलू नका, रनरची मागची बाजू पक्कडने जराशी दाबा, बहुतेक वेळा रनरच झिजलेला असतो.

गंगापूररोड:
नायलॉन. पाच नंबर. आधीच म्हणालो होतो.

मुंबईनाका:
तुम्ही असं कुठे म्हणालात?

सातपूर_टर्नर:
चेनच नको ना मग, झाकण ठेवून टिचबटण लावा.

मखमलाबादकर:
मंडळी, झालं काम, काल देऊन आलो. रविवारी मेन रोडच्या गल्लीतल्या टेलरिंग मटेरियलच्या दुकानात गेलो, पितळ आणि नायलॉन दोन्ही हातात घेऊन बघितल्या. शेवटी घेतली मोठ्या दातांची प्लास्टिकची, आठ नंबर, जर्किनला असते तसली. इथे कुणीच सांगितली नव्हती, मला माहीत आहे. दुकानात मामाचे हात डोळ्यांपुढे आले. बोटं जाड, त्यात छाटणीला हातमोजे. पाच नंबरचा रनर त्या हातमोज्यात सापडणारच नाही. प्लास्टिकच्या दातांना गंधक, मोरचूद काही करत नाही, फटी मोठ्या म्हणून माती झटकली की निघते, आणि तोंड सरळ असल्याने वळणाचा प्रश्न नव्हता. रनर धातूचाच आहे, वर काळा रंग, त्याला मेण चोळलंय. ओढायला चामड्याची ६ सेंमी पट्टी बांधली.
बसवलं मात्र सगळं आरी_रापी काकांनी सांगितलं तसं. गोल पंच, मध्यापासून चिकटवणं, कड छिलणं, फक्त फट १६ मिमी ठेवली. एकही लाट नाही! रात्री दीडपर्यंत जागून शिवलं, ४ मिमीचे टाके, टोकांना दुहेरी. चेन, रनर, टेप मिळून १४० रुपये झाले.

लेदरवेडी_सिडको:
व्हेज टॅनवर प्लास्टिक?? एवढं छान चामडं. वाईट वाटलं हो.

आरी_रापी:
दिसायला पितळच सरस, पण निवड विचार करून केलीत. एक लक्षात ठेवा, ह्या चेनचा मधला एखादा दात तुटला तर तो दुरुस्त होत नाही, अख्खी चेन बदलावी लागते. तोंडाचं माप लिहून ठेवा आणि तसलीच एक चेन आत्ताच आणून ठेवा, पुढच्या वर्षी तोच माल दुकानात असेल असं नाही.

मखमलाबादकर:
काका, उद्याच आणतो. मामाने हातमोजे घालूनच उघडझाप केली चार-पाच वेळा, काही बोलला नाही, जुनी प्लास्टिकची पिशवी खिशातून काढली आणि त्यातले पैसे आत ठेवले.

निफाडची_लेक:
मखमलाबादकर, कागदी नमुना असेल तर माप द्या ना. बाबांना करायचंय.