अपडेटनंतर किराणा ॲप टॉकबॅकवर चालेनासं झालंय. कुणी दुरुस्त करून घेतलंय का?

मुलुंडकरीण:

नमस्कार मंडळी. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. फोर्टला बँकेत नोकरी करते, राहते मुलुंडला. घरी नवरा (तोही अंध) आणि सासूबाई. किराणा भरणं हे खातं लग्नापासून माझ्याकडे आहे, आणि गेली काही वर्षं तो मी फोनवरूनच भरते. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच ॲपची गोष्ट असती तर दुसरं घेतलं असतं. कपड्यांचं, औषधांचं, दहा मिनिटांत भाजी आणून देणारं, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चाललंय. दर अपडेटला काहीतरी मुकं होतं.

डोळस वाचकांनाही कळावं म्हणून जरा तपशिलात सांगते. पूर्वी यादीत बोट उजवीकडे सरकवलं की टॉकबॅक (अँड्रॉइड फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) म्हणायचा, "तूरडाळ, 1 किलो, 164 रुपये, कार्टमध्ये टाका, बटन." डबल टॅप केलं की डाळ कार्टमध्ये. आता ऐकू येतं, "इमेज. 189. 164. बटन." वस्तूचं नाव चित्रातच छापलेलं, त्यामुळे ते वाचलं जात नाही. दोन आकड्यांतला खरा कुठला आणि खोडलेला कुठला, हे पडद्यावर एका रेघेनं कळत असेल, पण रेघ काही बोलत नाही. वस्तू टाकली की त्या बटनाच्या जागी "बटन, 1, बटन" येतं. यातलं वाढवायचं कुठलं, कमी करायचं कुठलं?

खरी पंचाईत पैसे भरताना होते. कूपनची पट्टी खालून वर येते, पण फोकस (टॉकबॅक वाचत असतो ती जागा) मागच्याच पानावर राहतो आणि मी झाकलेल्या पानावर स्वाइप करत बसते. ती पट्टी बंद करायच्या फुलीलाही नाव नाही. पुढच्या पानावर देणगीची टिक आधीच करून ठेवलेली असते. ती चौकट चेकबॉक्स म्हणून वाचलीच जात नाही. बेरीज जुळेना तेव्हा मला पत्ता लागला. शेवटी यूपीआयचं पान. तिथे "4 मिनिटं 58 सेकंद, 4 मिनिटं 57 सेकंद" असं सारखं मध्ये बोलत राहतं आणि भरायची रक्कम ऐकूच येत नाही.

कस्टमर केअरला चॅटवर कळवलं. उत्तर आलं, स्क्रीनशॉट पाठवा. मला दिसत नाही आणि बटनांना नावं नाहीत हीच तक्रार आहे, असं पुन्हा लिहिलं. तर म्हणे ॲप काढून पुन्हा टाका.

कुणाची तरी मदत घे, असं कृपया सांगू नका. शेजारची मुलगी गुणी आहे, हाक मारली की येते. पण सॅनिटरी पॅड कुठले घ्यायचे, महिनाअखेरीला तेलाचा 5 लिटरचा डबा परवडतो की 1 लिटरची पिशवी, नवऱ्याच्या वाढदिवसाला काय मागवायचं, हे मला कुणाच्या देखत ठरवायचं नाही. हे सगळं मी एकटी करत होते. हातात होतं तेच काढून घेतलं, म्हणून राग जास्त आहे.

तर, सध्या काम कसं भागवता? आणि तक्रार कुठे, कशी केली की ती ॲप बनवणाऱ्यांपर्यंत खरंच पोचते?

ठाणेकर काठीवाला:

ताई, मी अंध मुलांना फोन शिकवतो. हेच गाऱ्हाणं प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. तात्पुरता उपाय म्हणजे निनावी बटनावर फोकस ठेवून तीन बोटांनी टॅप करा. टॉकबॅकचा मेनू उघडेल, त्यात लेबल जोडायची सोय आहे. "वाढवा" असं स्वतःच नाव देऊन टाका. यादीतल्या सगळ्या ओळींतल्या त्या बटनाला ॲपनं आतून एकच ओळख दिलेली असली तर एकदा लिहिलेलं नाव सगळीकडे ऐकू येतं. ओळखच दिलेली नसेल तर मात्र हा पर्याय मिळत नाही, आणि नव्या ॲपमध्ये असं बरेचदा होतं.

दुसरं, प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून ऑटो अपडेट बंद करा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी एकजण अपडेट करून बघतो, ठीक असलं तरच बाकीचे करतात. अर्थात एक दिवस ॲपच अडून बसतं, अपडेट केल्याशिवाय उघडत नाही.

तिसरं, क्रोममधून त्यांची वेबसाइट वापरून पाहा. हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारता येते. घरी कॉम्प्युटर असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) मोफत आहे, त्याच्यावर महिन्याचा किराणा निवांत भरता येतो.

डोंबिवलीकर:

माझ्या आयफोनवर बहुतेक हेच ॲप अजून बरं चालतंय. दोन्हीकडचा कोड वेगळा असावा. निनावी बटन आलंच तर मी व्हॉइसओव्हरचं (आयफोनच्या टॉकबॅकचं) स्क्रीन रेकग्निशन चालू करतो. चिन्ह बघून ते अंदाजानं "प्लस" वगैरे सांगतं. पण किराण्यासाठी नवा फोन घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही.

सहज वाचक:

राग मानू नका, पण वाण्याला फोन केला तर सोपं नाही का पडणार?

मुलुंडकरीण:

राग नाही. वाण्याला फोन करतेच, सासूबाईंचे उपासाचे जिन्नस त्याच्याकडूनच येतात. पण तो त्याच्याकडे आहे तेच सांगणार. चार कंपन्यांचे भाव शेजारी ठेवून निवडणं, रात्री अकराला आठवलं ते मागवणं, मागच्या महिन्याची यादी पुन्हा उघडणं, हे त्याच्याकडे होत नाही. शिवाय एक सांगा, डोळस गिऱ्हाइकाचं ॲप बिघडलं तर त्याला कुणी वाण्याकडे पाठवतं का? ॲप दुरुस्त करतात ना?

ठाणेकरदादा, लेबलची युक्ती जमली. "वाढवा" आणि "कमी करा" दोन्ही लागले. कूपनच्या पट्टीवर मात्र काही चालत नाही.

कोडवाला, पवई:

मी ॲप बनवण्याच्या धंद्यातला, डोळस. आतून हे कसं होतं ते सांगतो. दोन-तीन वर्षांनी कंपनी पडदे नव्यानं लिहायला घेते. जुन्या पडद्यात कुणीतरी कधीतरी बटनांना नावं दिलेली असतात, नव्यात ती कोरी राहतात. अँड्रॉइडच्या हल्लीच्या कंपोज पद्धतीत चिन्ह टाकताना त्याचं वर्णन मागितलंच जातं. पण घाईतला प्रोग्रॅमर तिथे "नल" लिहून पुढे जातो. "नल" म्हणजे हे नुसतं शोभेचं आहे, वाचू नका. कार्टच्या बटनाला शोभेचं म्हटलं की ताईंना जे ऐकू येतं ते येतं. खोडलेल्या किमतीचंही तसंच. "मूळ किंमत 189, आता 164" असं वाचून दाखवणं एका ओळीचं काम आहे.

कूपनच्या पट्टीवर लेबल चालणार नाही. तिथे नावाचा नाही, फोकसचा घोळ आहे. पट्टी उघडली की मागचं पान स्क्रीन रीडरपासून लपवायला हवं, ते केलेलं नाही. शिवाय बऱ्याच ॲपमध्ये पडद्याची रचना सर्व्हरवरून येते आणि वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळी दाखवून बघतात. म्हणून अपडेट न करताही पडदा बदलतो, आणि एकाला येणारी अडचण दुसऱ्याला येत नाही.

आमच्याकडे तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, आमच्या फोनवर हे घडवून दाखवता येईल का? म्हणून फोनचं मॉडेल, अँड्रॉइड, टॉकबॅक आणि ॲप या तिघांच्या आवृत्त्या, कुठून कुठे स्वाइप केलं आणि काय ऐकू आलं, एवढं लिहा. जोडीला स्क्रीन रेकॉर्डिंग द्या. हेडफोन काढून, मायक्रोफोन चालू ठेवून करा, नाहीतर टॉकबॅकचा आवाज त्यात येत नाही. पिन टाकायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवा. डब्ल्यूसीएजीचा (वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा) निकष 4.1.2 असा उल्लेख केलात तर ते पत्र टेस्टिंगवाल्यांकडे जायची शक्यता वाढते. तो निकष नेमका बटनाचं नाव, प्रकार आणि स्थिती यांच्याबद्दल आहे.

परळची वकील:

चॅटवर भांडू नका, तिथून काही निघत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. नाव आणि संपर्क ॲपवरच द्यावा लागतो. त्याला ईमेल करा. देणगीच्या टिकेबद्दल वेगळी तक्रार करा. न विचारता कार्टमध्ये रक्कम घुसवणं हे 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत मोडतं. त्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मोठा मुद्दा 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा. कलम 46 मध्ये सेवा देणारे "सरकारी असोत वा खासगी" असं स्पष्ट आहे, त्यामुळे आम्ही खासगी कंपनी आहोत ही सबब चालत नाही. महिन्यात काही झालं नाही तर दिल्लीच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे जा. वकील लागत नाही. कलम 89 चा दंड पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत, नंतर 50,000 ते 5 लाख. मोठ्या कंपनीला ही रक्कम काहीच नाही, पण आयुक्तांची नोटीस आली की फाइल वरच्या माणसाच्या टेबलावर जाते, हे मी पाहिलंय.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडा. 8 नोव्हेंबर 2024 च्या राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयानं सुगम्यतेची किमान मानकं बंधनकारक करायला सांगितलं. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात, जे डिजिटल केवायसीबद्दल होतं, डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम 21 च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ती वाक्यं पत्रात टाका.

मुलुंडकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंग केलं. नवऱ्यानं टॉकबॅकचा वेग कमी करायला लावला, नाहीतर आमच्या वेगातलं डोळसांना एक अक्षर कळत नाही. तक्रार अधिकाऱ्याला ईमेल गेलं, पोच आणि तक्रार क्रमांक आला. देणगीचं 1915 वर वेगळं नोंदवलं. महिना भरला की आयुक्तांचा अर्ज तयार ठेवतेय.

कोडवाला म्हणतात तसं पडदे वेगवेगळे असतील तर माझ्या एकटीच्या फोनवरचा पुरावा अपुरा पडेल. ज्यांना कूपनची पट्टी अडवते त्यांनी फोनचं मॉडेल आणि तिन्ही आवृत्त्या इथेच लिहा. ॲपचं नाव मला निरोपात कळवा. आयफोनवाल्यांनीही लिहा, चालत असेल तर चालतंय म्हणून लिहा, म्हणजे एकीकडे जमतं ते दुसरीकडे का नाही, हे त्यांना विचारता येईल. शनिवारी रात्री सगळं एकत्र करून पाठवते.