उन्हाळ्यात तबला चढतो तेव्हा

रोज जुळवूनही काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावलेला) तबला दुपारी चढा लागतो, काय करावं, असं एकाने विचारलंय. आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हात कातडं आखडतं, म्हणून स्वर चढतो. लगेच गठ्ठ्यांना (वाद्यांखाली, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखाली, अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावू नका. गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर) खालून वर हलके ठोके द्या, तेही समोरासमोरच्या घरांना (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागांना). सोळाही घरांवर एकच स्वर मिळाला पाहिजे. एकाच घराला बडवत बसलात तर 'ना' हा बोल फाटतो. तेवढ्याने भागलं नाही तरच गठ्ठे थोडे वर सरकवा. कूलरच्या झोतात तबला-डग्ग्याची जोडी ठेवू नका, दमट हवेने पुडी (वरचं कातडं) सैल पडते. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) पाणी तर अजिबात नको. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम असेल तर अर्धा तास आधी तबला मंचावर नेऊन ठेवा, मग जुळवा.