८१ हजार मैल पळालेली पॅन युरोपियन: घ्यावी का?

विषय: सेकंडहँड टुरिंग बाइक, सल्ला हवाय
प्रेषक: निखिल, नॉटिंगहॅम

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल-यादीवर हा विषय चालेल असं धरून लिहितोय. दिवाळीच्या कार्यक्रमाला श्रीकांतकाका पावसात बाइकवर आले होते, ते बघूनच धीर झाला.

होंडा एसटी १३००, म्हणजे इथे जिला पॅन युरोपियन म्हणतात ती, मला मिळतेय. मे २००८ चं रजिस्ट्रेशन, लिंकनशायरमधले एक निवृत्त गृहस्थ विकतायत, २,३५० पाउंड सांगतायत. रनिंग ८१,४६० मैल. किलोमीटरमध्ये धरलं तर एक लाख एकतीस हजार! पुण्याला बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "इंजिन किती वेळा उघडलंय?" आमच्या घरच्या १०० सीसीचं साठ हजार किलोमीटरला बोअर-पिस्टन करावं लागलं होतं, त्यामुळे लाखाच्या वरचा आकडा त्यांना पटतच नाही. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे.

साधारण तेवढ्याच पैशांत दुसऱ्या एका कंपनीची २००७ ची टुरिंग बाइक मिळतेय, फक्त १४,००० मैल, एकदम चकाचक. बायकोचं मत त्या बाजूला आहे. जुलैत आम्हा दोघांना नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा फेरा, करायचंय. माझं मोठं लायसन्स गेल्या वर्षी झालं, सध्या ५०० सीसी चालवतो.

पॅन युरोपियनचा रजिस्ट्रेशन नंबर श्रीकांतकाकांना वेगळ्या मेलने पाठवला आहे. शनिवारी बघायला जातोय. काय बघू?

निखिल

विषय: उत्तर: सेकंडहँड टुरिंग बाइक, सल्ला हवाय
प्रेषक: श्रीकांत, डर्बी

प्रिय निखिल,

बाबांचा प्रश्न बरोबर आहे, पण तो छोट्या इंजिनाचा आहे. १०० सीसीचं इंजिन डबलसीट घेऊन घाट चढताना जीव काढून पळतं. एसटीचं १२६१ सीसीचं व्ही-फोर, म्हणजे व्ही आकारात चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. सत्तर मैलांच्या वेगाला ते चार हजार आरपीएमच्या आसपास निवांत फिरत असतं. ऑइल वेळेवर बदललं असेल तर ८१ हजार मैल हे त्याचं अर्धं आयुष्यसुद्धा नसेल. माझी मी ५२,००० ला घेतली, आता १,१२,००० झालेत, इंजिन उघडलेलं नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दर १६,००० मैलांनी तपासायचे असतात. माझ्याकडे चार वेळा झाले, शिम (ती फट जुळवणारी बारीक चकती) बदलायची वेळ एकदाच आली.

ती १४,००० मैलांची मात्र मनातून काढून टाक. २०१४ साली मीही तसलीच घेतली होती. अकरा वर्षं जुनी, ९,००० मैल, टाकीवर साधा ओरखडा नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. वर्षानुवर्षं गॅरेजात चादर घालून उभी होती, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात आम्ही स्कॉटलंडला निघालो आणि पिटलॉक्रीच्या पुढे ए-९ वर कूलंटचा पाइप फाटला. हिरवं पाणी माझ्या बुटांवर, मागे तुझी काकू, वरून पाऊस, आणि बाजूने ट्रक घोंघावत जातायत. तो पाइप मी अजून जपून ठेवलाय. बाहेरून काळा तुकतुकीत आहे, पण चिमटीत दाबला की शिळ्या भाकरीसारखा तडकतो. त्यानंतर दोन महिन्यांत पुढच्या शॉकपची सील गेली, मग पेट्रोलच्या टाकीत गंज निघाला. रबराला मैलांशी देणंघेणं नसतं, ते वर्षांनी मरतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ते तर गाडी उभी असतानाही चालूच असतं.

आता तुझ्या पॅनबद्दल. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेताना मालकाच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. इथे सरकारनेच सोय केली आहे. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याची सक्तीची तपासणी, होते आणि प्रत्येक वेळी मीटरचा आकडा नोंदवतात. गाडीचा नंबर टाकला की सगळा इतिहास फुकट समोर येतो. मी काल रात्री तो वाचला.

मे २०११ ला १९,८७०. २०१८ ला ७०,८५०. मधली प्रत्येक ओळ सहा-आठ हजारांच्या पायरीने चढत गेली आहे. हा माणूस रोज कामाला जात असणार किंवा दर उन्हाळ्यात लांब जात असणार, आणि अशा पायऱ्या दिसल्या की माझा जीव भांड्यात पडतो. मे २०१९ ला ७६,३००. पुढची एमओटी थेट नोव्हेंबर २०२० ला. त्यात काळंबेरं नाही, कोविडमध्ये मार्चअखेर ते जुलै या काळात येणाऱ्या एमओट्यांना सरकारने सहा महिने वाढवून दिले होते. पण आकडा बघ: ७६,९५०. नोव्हेंबर २०२१ ला ७७,०१०. नोव्हेंबर २०२२ ला ७७,०६०. साडेतीन वर्षांत साडेसातशे मैल, आणि शेवटच्या दोन वर्षांत फक्त एकशे दहा. तुझी ८१ हजारांची गाडी मधली साडेतीन वर्षं त्या १४ हजारांच्या गाडीसारखीच उभी होती.

आणि २०२२ च्या नोंदीखाली परीक्षकाने सूचना लिहिली आहे: मागचा ब्रेक किंचित धरून राहतो. पुढच्या वर्षी ती सूचना नाही. कोणी दुरुस्त केलं की त्या दिवशी सुटला, हे तुला शोधायचं आहे. हीच या गाडीची एक खोड अशी आहे की जिच्याशी खेळ करू नये.

एसटीचे ब्रेक एकमेकांना जोडलेले आहेत. पुढचा ब्रेक दाबला की डावा कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) चकतीबरोबर किंचित वर ढकलला जातो, तो पुढच्या शॉकपवरच्या एका छोट्या दुय्यम मास्टर सिलिंडरला (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) दाबतो आणि तिथून दाब मागच्या चाकाला जातो. त्या सिलिंडरमध्ये ऑइल परत यायचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात गाळ बसतो, दाब परत येत नाही आणि मागचा ब्रेक लागलेलाच राहतो. हायवेवर चकती तापते, ऑइल उकळतं, चाक जाम होऊ शकतं.

तपासायला दोन माणसं लागतात. गाडी मेन स्टँडवर घे. एकाने पुढचा डावा कॅलिपर हाताने जोर लावून वर ढकलायचा, दुसऱ्याने मागचं चाक फिरवायचं. ढकलल्यावर चाक थांबलं पाहिजे, सोडल्यावर लगेच मोकळं झालं पाहिजे. "हळूहळू सुटतं" हे उत्तर चालणार नाही.

बाकीचं थोडक्यात. पोचल्यावर बोलायच्या आधी इंजिनाला हात लाव. गरम असेल तर का तापवून ठेवलंय ते विचार, थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. मेन स्टँडवर असताना कोणाला तरी मागे दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, मग हँडल एका बोटाने सावकाश फिरव. मधोमध खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागचं चाक वर-खाली धरून हलव, मग आडवं धरून. खेळ असेल तर बेअरिंग किंवा शाफ्टची (साखळीऐवजी मागचं चाक फिरवणारा दांडा) बाजू बघावी लागेल. टायर बदलताना मागच्या चाकाच्या, शाफ्टच्या जोडात बसणाऱ्या दात्यांना (स्प्लाइन्स) मॉलिब्डेनमचं ग्रीस लावतात का, हे मालकाला साध्या आवाजात विचार. ज्याला हा प्रश्न कळतो त्याने गाडी नीट ठेवलेली असते, हा माझा अनुभव आहे. टायरवरचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पंधरा मिनिटं चालवल्यावर तापमान जागेवर टिकतं का बघ, हायवेला खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची झडप, उघडाच अडकलाय. तो काही फार मोठा खर्च नाही, पण तिथे हात घालायचाच तर इंजिनाच्या खाचेतले जुने पाइपही त्याच वेळी बदलून घ्यायचे.

आरशांवर आणि बाजूच्या कव्हरवर ओरखडे असतील. एवढी जड गाडी प्रत्येकाकडून एकदा तरी उभ्या उभ्या कलंडते, त्याला घाबरू नकोस.

श्रीकांतकाका

विषय: उत्तर: उत्तर: सेकंडहँड टुरिंग बाइक, सल्ला हवाय
प्रेषक: मेधा, ग्लासगो

निखिल, श्रीकांतदादा,

दादांचं यंत्राबद्दलचं सगळं मान्य. पण निखिल, दादा तीस वर्षं चालवतायत आणि पाने हातात घेऊन जन्मल्यासारखे स्वतः काम करतात. तू गॅरेजात देणार. या गाडीचे टॅपेट बघायचे म्हणजे आधी तासभर नुसतं प्लास्टिक काढायचं, आणि मजुरी तासावर असते. ती ८०,००० ची टॅपेट तपासणी झालीय का, ते पावतीवर बघ. झाली नसेल तर तो खर्च किमतीतून वजा कर, जुन्या पाइपांचाही कर. २,३५० पाउंडांची गाडी पहिल्याच वर्षात कितीला पडेल ते कागदावर मांड आणि मग ठरव.

दुसरं म्हणजे वजन. पेट्रोल भरलं की सव्वातीनशे किलोच्या आसपास. टाकी २९ लिटरची आहे. तू ५०० सीसीवरून येतोयस. नॉर्थ कोस्टवर कितीतरी ठिकाणी एकच लेन आहे, समोरून मोटरहोम आली की उतारावर, खडीवर पाय टेकून थांबावं लागतं, आणि मागे बायको बसलेली असते. मी ॲपलक्रॉसच्या रस्त्यावर, बेलॅक ना बा घाटाच्या वळणांवर हे केलंय, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वजनाच्या गाडीवर. त्यामुळे घेतलीस तर मे-जून सगळा तिच्यावर घालव. आधी एकट्याने, मग रिकामे डबे लावून, मग दोघांनी.

कर्ज बाकी आहे का तेही पैसे भरून तपासून घे, बाकी असेल तर कर्ज देणारी कंपनी गाडीवर हक्क सांगू शकते. अपघातात निकाली काढलेली नाही ना, तेही त्यातच कळतं. आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला वाकून बघ. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथेच खातं. माझ्या गाडीचा जोड वरून चांगला दिसत होता, खालून बोट आत गेलं.

मेधा

विषय: बघून आलो
प्रेषक: निखिल, नॉटिंगहॅम

काका, मेधाताई,

बघून आलो. बायकोही आली होती, त्यामुळे दोन माणसांचा प्रश्न सुटला.

इंजिन गार होतं. पहिल्या झटक्यात सुरू झालं, धूर नाही. हँडलमध्ये खटका नाही, मागच्या चाकात खेळ नाही. सायलेन्सर खालून बघितला, गंजाचे डाग आहेत पण ठोकल्यावर आवाज घट्ट येतो. पुढचा टायर २०२३ चा, मागचा १४१८, म्हणजे २०१८ सालचा. नक्षी भरपूर आहे, पण बाजूला बारीक चिरा.

मग कॅलिपर. मी ढकलला, बायको चाक फिरवत होती. चाक थांबलं. मी सोडलं. चाक थांबलेलंच. ती म्हणाली, "सोडलंस का?" मी हात वर करून दाखवले. दहा-बारा सेकंदांनी टक् असा बारीक आवाज आला आणि चाक जड जड फिरायला लागलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. मालकांनी स्वतः खाली बसून चाक फिरवून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. या सिलिंडरबद्दल त्यांना माहीतच नव्हतं. २०२२ नंतर गॅरेजने मागचा कॅलिपर साफ करून दिला होता, तेवढंच.

काका, तुम्ही म्हणालात तसा ग्रीसचा प्रश्न विचारला. ते काही न बोलता आत गेले आणि वही घेऊन आले. २००८ पासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, मीटर, सगळं पेन्सिलीने. टॅपेट १६, ३२, ४८, ६४ हजारांना, चारही पावत्या टाचलेल्या. प्रत्येक मागच्या टायरपुढे "स्प्लाइन्स – ग्रीस्ड" लिहिलेलं. ८०,००० ची तपासणी मात्र झालेली नाही. ऑगस्ट २०१९ नंतर पानंच कोरी. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. पत्नीला पक्षाघात झाला होता, त्या मागे बसायच्या. त्यानंतर तीन वर्षं गाडी काढावीशीच वाटली नाही. आता गुडघ्यामुळे वजन झेपत नाही.

मी मेधाताईंचा कागद काढून समोर ठेवला: दुय्यम सिलिंडर, सगळं ब्रेक ऑइल, मागचा टायर, टॅपेट, पाइप. घासाघीस झालीच नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि १,७५० म्हणाले. कर्ज नाही, अपघाताची नोंद नाही. १०० पाउंड देऊन आलोय. वही गाडीबरोबर देणार आहेत.

येत्या रविवारी आणायची आहे. पन्नास मैलच आहेत, सावकाश चालवत आणू का?

निखिल

विषय: उत्तर: बघून आलो
प्रेषक: श्रीकांत, डर्बी

निखिल,

नाही. पन्नास मैलांत चकती लाल व्हायला पुष्कळ वेळ मिळतो. इतकं नीट तपासलंस आणि आता असं विचारतोस! शेजाऱ्यांची व्हॅन मी मागितली आहे, फळी माझ्याकडे आहे. चार पट्टे लागतील, दोन माझे, दोन तू आण, साध्या बकलचे नकोत, रॅचेटचे. सकाळी आठला निघू.

दुय्यम सिलिंडर नवाच घालू, जुना साफ करत बसायचं नाही. ब्रेक ऑइल आणि पाइप आजच मागव. या गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा, म्हणजे ऑइलमधली हवा काढायचा, क्रम ठरलेला आहे, मॅन्युअल उघडं ठेवून करावं लागतं, पूर्ण दुपार जाईल. काकू म्हणते जेवायला दोघंही या. टॅपेट त्यानंतरच्या शनिवारी.

त्या गृहस्थांना विचार, रविवारी व्हॅनमध्ये चढवायच्या आधी त्यांना एकदा गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची आहे का. गल्लीपुरती चालेल. पुढचा ब्रेक लावू नका म्हणावं, मागच्या पेडललाही हात लावायला नको, पहिल्या गिअरवरच थांबवा.

श्रीकांतकाका