साडेसात हजार झाले म्हणे

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली. शनिवार संध्याकाळपासून)

कांबळे काका, ए-१०४: पेन्शनरांसाठी मोठी खुशखबर!! किमान पेन्शन ७,५०० अधिक महागाई भत्ता मंजूर. पुढच्या महिन्यापासून थेट खात्यात. जास्तीत जास्त पेन्शनधारकांपर्यंत पोहोचवा.

मोरे काकू, सी-२०१: अभिनंदन 💐💐

रोहित, बी-४०३: काका, पार्टी पाहिजे.

शिंदे वहिनी, बी-३०२: खरं का ओ?

जाधव काका, ए-२०३: खोटं आहे वहिनी. हाच मेसेज मला दिवाळीतही आला होता, त्याच्या आधी आषाढीलाही. तारीख नाही, आदेशाचा नंबर नाही, खाली सही कुणाची तेही नाही. १ सप्टेंबर २०१४ ला किमान पेन्शन हजार रुपये झाली, तिथंच आहे. कांबळे, तीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडलीस, सुट्टे पैसे दोनदा मोजायचास. मेसेज एकदा तरी वाचून पुढं पाठवायचा की.

कांबळे काका, ए-१०४: पुतण्यानं पाठवला. मला वाटलं, झालं बाबा एकदाचं.

शिंदे वहिनी, बी-३०२: मी देवापुढं साखर ठेवून आले.

शिंदे वहिनी, बी-३०२: मला हजारच येतात. ह्यांच्या माघारी.

मोरे काकू, सी-२०१: 🙏

जाधव काका, ए-२०३: साखर राहू द्या वहिनी. उचलू नका.

जाधव काका, ए-२०३: मी बरेच दिवस म्हणतोय. आपल्या तीन विंगांत मिळून अकरा जण पंच्याण्णवच्या पेन्शनवाले आहेत, म्हणजे पीएफच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. साखर कारखाना, एस.टी., सूतगिरणी, एक दूध संघातले. अकरांची पत्रं करून खासदारांना देऊ. उद्या रविवार आहे, माझ्या घरी चहाला या. पासबुक आणि पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, घेऊन.

माने दादा (सचिव), ए-४०१: काका, राग मानू नका, पण ग्रुपवर राजकारण नको असं मीटिंगमध्ये ठरलंय. मागच्या निवडणुकीत काय झालं आठवतंय ना. दोन महिने लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पाटील सर, सी-१०२: माने, पक्ष कुठला हे जाधवांनी लिहिलंय का? नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाला फोन करतो तेव्हा आपण राजकारण करतो का? खासदार निवडून आले की सगळ्यांचे. मत न दिलेल्याचेही.

माने दादा (सचिव), ए-४०१: ठीक आहे सर. नावं न घेता बोला म्हणजे झालं. पक्षाचा एक जरी शब्द आला तर मी ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवीन.

रोहित, बी-४०३: काका, कागद कशाला? एक मेल तयार करतो, लिंक टाकतो. सगळ्यांनी नाव टाकून बटण दाबायचं. एका दिवसात पाचशे मेल जातील. टॅग पण करू.

जाधव काका, ए-२०३: रोहित, तुझी हौस चांगली आहे पण ऐक. कारखान्यात मी मिल फिटर होतो आणि दोन टर्म युनियनचा सेक्रेटरी. एका वर्षी थकीत पगारासाठी आम्ही एका लोकप्रतिनिधींना अडीचशे सह्यांचं छापील निवेदन दिलं. हार, फोटो, पेपरात बातमी. सहा महिन्यांनी गेलो तर ते निवेदन कपाटावर, वर कुणीतरी कुंडी ठेवलेली. दुसऱ्या वर्षी आमच्यातला एक बॉयलरवाला एकटा गेला. वहीच्या पानावर हिशोब: अमुक महिन्याचा पगार अमुक तारखेला, मुलीच्या फीची तारीख अमुक, मध्ये सावकाराचं व्याज इतकं. खाली एकच वाक्य, 'आमचा पगार सात तारखेला का होत नाही हे साखर आयुक्तांना विचाराल का?' त्यांनी तिथंच फोन लावला. अडीचशे सह्या कुणी मोजल्या नाहीत, त्या एका पानावर मात्र बोट ठेवून वाचलं.

तुझे पाचशे मेल एकसारखे असतील. तिकडचा पोरगा पहिला वाचेल, बाकीचे एकदम निवडून एका फोल्डरात टाकेल. मीही तेच केलं असतं.

रोहित, बी-४०३: मी ऑफिसात रोज तेच करतो काका 😄

पाटील सर, सी-१०२: जाधव, पण पत्रात मागणार काय? 'पेन्शन वाढवा' हे तर सगळेच म्हणतात.

जाधव काका, ए-२०३: तेच सांगतो सर, जरा लांब होईल.

लोकसभेत ह्या पेन्शनवर किती वेळा प्रश्न झालेत, मोजदाद नाही. सगळ्या पक्षांच्या लोकांनी विचारलेत. प्रश्न असतो, 'सरकार किमान पेन्शन वाढवणार आहे काय?' आणि उत्तर ठरलेलं. ही योजना ठराविक वर्गणी, ठराविक लाभाची आहे. पैसा येतो मालकाच्या वाट्यातल्या ८.३३ टक्क्यांतून आणि केंद्राच्या १.१६ टक्क्यांतून, तोही १५,००० पर्यंतच्या पगारावर. निधीच्या मूल्यांकनात तूट आहे. तरीही सरकार अर्थसंकल्पातून मदत घालून हजार रुपये पुरे करतं. संपलं. प्रश्न मोघम असला की हे उत्तर त्यात बरोबर बसतं, शिवून ठेवलेल्या सदऱ्यासारखं. नुसतं माप घ्यायचं नाही एवढंच.

म्हणून असा प्रश्न द्यायचा की तो सदरा त्याला बसणार नाही. आकडा मागायचा, तारीख मागायची.
एक, सांगली जिल्ह्यात दरमहा दीड हजारापेक्षा कमी पेन्शन घेणारे किती, त्यात विधवा किती?
दोन, हजाराची किमान रक्कम पुरी करायला केंद्रानं गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती पैसे घातले?
तीन, २०१३ ला राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान तीन हजारांची शिफारस केली होती. ती नाकारली असेल तर कुठल्या तारखेला आणि काय कारणानं?

मोरे काकू, सी-२०१: ही समिती कुठली?

जाधव काका, ए-२०३: कोश्यारी समिती. नंतर आपल्या राज्याचे राज्यपाल झाले तेच. आणि काकू, ती समिती बसली कशावरून तर लोकांनी संसदेकडे केलेल्या याचिकेवरून. कागदावरूनच.

रोहित, बी-४०३: पण खासदारांनी प्रश्न टाकला तरी लागेल कशावरून? तिथं पाचशेवर खासदार आहेत.

पाटील सर, सी-१०२: नागरिकशास्त्र शिकवलंय बाबा तीस वर्षं, विचार. एका दिवशी तारांकित प्रश्न वीसच लागतात, तोंडी उत्तराचे, आणि त्यातलेही पाच-सहा होतात तोवर तास संपतो. अतारांकित मात्र दोनशे तीस लागतात, लेखी उत्तराचे. आपल्याला आकडे हवेत म्हणजे लेखीच बरं. चिठ्ठीत नंबर लागावा लागतो हे खरं. नाहीच लागला तर नियम ३७७ खाली विषय मांडता येतो. आणि प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी जावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन पळण्यात अर्थ नाही. आत्ताच द्या.

स्वाती ताई, सी-००१: काका, आम्हा आशा आरोग्य सेविकांचं पण घाला की त्यात. तीन महिने मोबदला नाही.

जाधव काका, ए-२०३: स्वाती, घालायचं नाही. वेगळं करायचं. एका कागदावर दोन दुखणी लिहिली की डॉक्टर स्वस्तातल्या दुखण्याला औषध देतो. आणि तुमचा पैसा दोन ठिकाणांहून येतो ना? काय काय थकलंय बघ.

स्वाती ताई, सी-००१: केंद्राचा कामाप्रमाणे येतो, लसीकरण, बाळंतपण असं. राज्याचा महिन्याचा ठरलेला. थकलाय तो राज्याचा.

जाधव काका, ए-२०३: मग तुझं पत्र आमदारांना. विधानसभेत. थकीतसाठी खासदारांकडे गेलीस तर ते म्हणतील राज्याचा विषय, आणि बरोबरच म्हणतील. पण 'आम्हाला स्वयंसेविका म्हणू नका, कामगार म्हणा' हे केंद्राचं. ते खासदारांना. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं तुम्हाला कामगार मानावं असं सुचवलंय, तो उल्लेख कर. दोन पत्रं, दोन दारं.

स्वाती ताई, सी-००१: आमच्या संघटनेच्या बाईंना विचारून करते. त्यांना न सांगता दिलं तर ओरडतील.

जाधव काका, ए-२०३: विचारच. एकटीनं दिलेलं पत्र आणि संघटनेला माहीत असलेलं पत्र यात फरक पडतो. पाठपुरावा कोण करणार नाहीतर?

मोरे काकू, सी-२०१: आमच्या ह्यांची ग्रॅच्युइटी कारखान्यानं अजून दिली नाही. दोन वर्षं झाली. आमदारांना लिहू का? पण त्या कारखान्यावर सगळी त्यांचीच माणसं.

जाधव काका, ए-२०३: काकू, आपल्या सांगली-साताऱ्याची ही जुनी गंमत आहे. ज्याच्याकडं तक्रार करायची तोच पुष्कळदा चेअरमन नाहीतर चेअरमनचा पाहुणा. ग्रॅच्युइटीला पत्रबित्र नको. ती मेहेरबानी नाही. कायद्यानं तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. सोमवारी मी येतो कामगार कार्यालयात, रीतसर अर्ज करू. निवृत्तीचं पत्र आणि शेवटची पगाराची पावती काढून ठेवा.

कांबळे काका, ए-१०४: माझ्या इस्लामपूरच्या भावाचं पण नाव घाल रे जाधव. तोही एस.टी.चाच.

जाधव काका, ए-२०३: त्याचा खासदार वेगळा. इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले लोकसभेत जातात. आपल्या सांगलीत मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. जिल्हा एक म्हणून खासदार एक नसतो. त्याला म्हणावं हेच तीन प्रश्न तिकडं दे. उलट बरंच, दोघांनी विचारलं तर.

शिंदे वहिनी, बी-३०२: मला इंग्रजी येत नाही. मराठीत चालेल का?

पाटील सर, सी-१०२: वहिनी, क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून निवडून गेले आणि लोकसभेत मराठीत बोलले. तुम्ही तर विश्रामबागेतून तीन किलोमीटरवर पत्र देताय. बिनधास्त मराठीत.

शिंदे वहिनी, बी-३०२: काय लिहू पण?

जाधव काका, ए-२०३: हजार रुपयांत काय येतं आणि काय येत नाही ते लिहा. सुरुवातीला 'माननीय' एकदाच. 'आपल्या कार्यतत्पर नेतृत्वाखाली' वगैरे काही नको.

(रविवार, दुपार)

शिंदे वहिनी, बी-३०२: रोहितला सांगून टाईप करून घेतलं. बघा बरं.

'माननीय खासदार साहेब, मी विश्रामबागेत राहते, माझं मतदान इथंच आहे. माझे पती सूतगिरणीत २६ वर्षं होते. ते गेल्यावर मला दरमहा १,००० रुपये पेन्शन येते. माझ्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या महिन्याला ८४० रुपयांच्या आहेत. उरलेल्या १६० मध्ये मी गॅस घेऊ शकत नाही. मुलगा देतो, पण मागावं लागतं. माझ्यासारख्या बायका आपल्या जिल्ह्यात किती आहेत, हे आपण लोकसभेत विचाराल का? उत्तर आलं तर मला कळवावे.'

मोरे काकू, सी-२०१: वहिनी 🙏🙏

पाटील सर, सी-१०२: एक शब्द बदलायचा नाही. शुद्धलेखनसुद्धा नाही.

रोहित, बी-४०३: मी फक्त टाईप केलं. 'मागावं लागतं' काढू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, खरं आहे ते.

जाधव काका, ए-२०३: बाकीच्यांची नऊ झाली. कांबळेचं फार लांबलंय, त्यात त्यानं २०२१ चा संप, विलीनीकरण, आगारातलं कॅन्टीन सगळं घातलंय. अर्धं पान कर म्हटलंय.

कांबळे काका, ए-१०४: पाच महिने घरात बसलो होतो त्या संपात. लिहू नको म्हणतोस?

जाधव काका, ए-२०३: लिही. दुसऱ्या कागदावर, आमदारांना. एस.टी. राज्याची आहे.

(मंगळवार)

जाधव काका, ए-२०३: सकाळी जनसंपर्क कार्यालयात जाऊन आलो, मी, कांबळे आणि वहिनी. साहेब दिल्लीला होते. स्वीय सहायक म्हणाले, 'ठेवून जा, देतो.' आम्ही बसलो. युनियनची एकच शिस्त मला अजून सुटलेली नाही, पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. अकराही पत्रांच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. शिक्क्याची शाई संपलेली. वहिनींनीच पोराला सांगितलं, पॅडवर दोन थेंब पाणी टाक.

माने दादा (सचिव), ए-४०१: मस्त. फोटो टाका ना काका, नोटीस बोर्डवर लावू.

जाधव काका, ए-२०३: फोटो काढलाच नाही. पीपीओ नंबर आहेत त्यावर, ग्रुपवर टाकायचे नसतात. त्यापेक्षा वहीत लिहून ठेवतो, कुठली तारीख, कोण भेटलं. पंधरा दिवसांनी फोन कांबळे करेल, त्यानंतर मी.

कांबळे काका, ए-१०४: मी का पहिला?

जाधव काका, ए-२०३: मेसेज कुणी टाकला होता?

शिंदे वहिनी, बी-३०२: काका, त्या सहायकांनी माझं पत्र सगळ्यात वर ठेवलं की तुम्ही ठेवलंत?

जाधव काका, ए-२०३: मी खाली ठेवलं होतं वहिनी. नावाप्रमाणे लावली होती. त्यांनी वाचून वर घेतलं.

मोरे काकू, सी-२०१: बी विंगची मोटर कोण बंद करणार? टाकी वाहतीय.