हॉबी शोमध्ये १२ मिमीचा रूळ बघितला, त्यावर आपली जुनी मीटरगेज होईल काय?

खानापूर_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी बेंगळूरला एका हॉबी शोला जाऊन आलो, मेव्हणा तिथंच असतोय म्हणून राहायची सोय झाली. मला वाटलं ड्रोन आणि विमानंच असतील सगळी, पण एका कोपऱ्यात रेल्वेवाल्यांची चार टेबलं मांडलेली होती आणि मी तिथून हललोच नाही, बायको आणि पोरगं डोसा खाऊन परत आले तरी मी तिथंच.

नवीन म्हणून तीन गोष्टी डोक्यात बसल्यात. एक म्हणजे हॉर्नबी कंपनीचं ते टीटी, १:१२० वालं, म्हणजे खऱ्याच्या १२० पट लहान रेल्वे. दुसरं त्यांचंच एचएम ७००० डीकोडर, म्हणजे इंजिनात बसवायची चिप, मोबाईलवरून ब्लूटूथनं इंजिन पळतंय, हॉर्न पण वाजतोय. आणि तिसरं, ज्यानं माझी झोप उडवली, एका पोरानं थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाचं शेल, म्हणजे वरचं कवच, १:८७ म्हणजे एचओ मध्ये. रंग नाही, करडं रेझिन नुसतं, पण नाक अगदी तेच. घेऊन टाकलं, किंमत इथं सांगत नाही, घरातले पण हे वाचतात.

आता खरी गोष्ट. माझ्या खिशात पट्टी असतेच, तो टीटीचा रूळ मोजला तर १२ मिमी. आणि आपली जुनी मिरज-लोंडा मीटरगेज, १००० मिमीला ८७ नं भागलं तर साडेअकरा! तिथंच ट्यूब पेटली. म्हणजे टीटीच्या रुळावर एचओची मीटरगेज चालवता येईल काय? माळ्यावर ८ बाय ४ ची प्लाय पडून आहे, खानापूर ते कॅसलरॉक आणि खाली घाटाचा तुकडा करायचा विचार आहे. कुणी केलंय काय असं? आणि ते ब्लूटूथवालं घेऊ की नको?

मिरज_तीन_गेज:
चालतंय की वो, बिनधास्त करा. टीटीवर एचओ मीटरगेज करणारे परदेशात भरपूर आहेत, टीटी काही कालची गोष्ट नाही, पूर्व जर्मनीत कधीपासून होतं, हॉर्नबीनं २०२२ ला आणलं एवढंच. १२ मिमीच्या त्या एचओ मीटरगेजला एचओएम म्हणतात, पेको कंपनीचा त्याचा वेगळा रूळ पण मिळतो.

गंमत सांगू? आपण सगळे एचओमध्ये आपली ब्रॉडगेज १६.५ मिमीवर पळवतोय, तीच खोटी आहे. १६.५ हा बाहेरच्या १४३५ मिमी गेजचा रूळ. आपली १६७६, म्हणजे खरं तर १९.३ मिमी पाहिजे, जवळपास पावणेतीन मिमी कमी पडतंय. समोरून बघितलं की डबा पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. मीटरगेजमध्ये चूक अर्ध्या मिमीची आणि बार्शी लाईनची ७६२ वाली नॅरोगेज केली तर ८.७६, म्हणजे एन स्केलचा ९ मिमीचा रूळ जवळपास बरोबर. मी मिरज यार्ड करालोय ते म्हणूनच, तिन्ही गेज शेजारी शेजारी. जितकी गाडी बारीक तितकी खरी.

फक्त स्लीपरकडं बघा. लांबी जमते, टीटीचा स्लीपर आणि एचओतला मीटरगेजचा, दोन्ही साधारण २१ मिमी. पण टीटीचे स्लीपर फार जवळ जवळ असतात, ते १:१२० च्या हिशेबानं टाकलेले. सेटमधला कडक रूळ घेऊ नका, फ्लेक्सी म्हणजे हातानं वाकणारा घ्या, खालचे स्लीपर जोडणारे प्लास्टिकचे तुकडे ब्लेडनं कापा आणि एकेक स्लीपर सरकवून ८ मिमीच्या आसपास अंतर ठेवा. एक मीटर करायला मला एक संध्याकाळ लागली, बोटं दुखतात. पॉइंटला, म्हणजे एका रुळाचे दोन होतात तिथं, हे जमत नाही, तिथं खडी जरा जास्त टाकायची.

तिसरं_गेट:
सगळं खरं पण पाकीट बघून करा भावांनो. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० ची ६० टक्के झाली, २०२३ ला ७० केली आणि आपलं इंजिन त्यांच्या लेखी खेळणंच, मग तुम्ही कितीही स्केल मॉडेल म्हणा. माझं एक पार्सल अडकलं होतं तेव्हा मी कागद घेऊन दीड महिना हेलपाटे घातले, शेवटी जेवढ्याचं इंजिन तेवढाच टॅक्स. तेव्हा आधी रूळ आणि एकच इंजिनाचा चेसिस (मोटर आणि चाकांचा खालचा भाग), बाकी डबे घरात करा.

आणि घाटाचा हिशेब केलाय काय? कॅसलरॉक ते कुळे चढ १ ला ३७. तोच ठेवायचा तर खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायला ८ सेमी उंची पाहिजे, म्हणजे जवळपास ३ मीटर नुसता चढ. ८ बाय ४ च्या प्लायला कडेकडेनं फिरलात तर पूर्ण फेरी सव्वासात मीटर, त्यातली ३ चढायला, ३ उतरायला, मग खानापूर स्टेशन कुठं बसवणार, माळ्याच्या जिन्यात? वर वळणावर ओढ जास्त लागते ते वेगळंच. माझं ऐका, घाट एकाच बाजूला दाखवा, गाडी बोगद्यात जाऊ दे आणि मागून सपाट परत येऊ दे.

प्लायला दोन्ही बाजूनं वार्निश मारा, कडा पण. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. माझा पहिला लेआउट जुलैत फुगून मधोमध उचलला होता, रूळ धनुष्यासारखा.

लोंडा_शेड:
बाळा, वडील लोंड्याला रेल्वेत होते, माझं सगळं लहानपण त्या क्वार्टरमध्ये गेलं. वाचून बरं वाटलं. एक गोष्ट विचारतो, तू कुठलं साल करालायस? वायडीएम-४ करतोस तर वाफेची पण एखादी वायजी पाहिजे बाजूला, काही वर्षं दोन्ही एकत्र होती. घाटात मागून ढकलायला बँकर लागायचा. आम्ही पोरं आवाजावरून सांगायचो मागं इंजिन आहे की नाही.

स्लीपर लाकडाचेच असतात असं धरून चाललाय तुम्ही सगळे. मला आठवतात ते लोखंडी पत्र्याचे, कडेला खाली वाकलेले, गंजून तांबूस. तेव्हा ब्राऊन रंग देऊन लाकूड दाखवू नकोस, गंज दाखव. आणि खडी पांढरी करू नकोस. गोव्याकडं खनिज जायचं, सगळीकडं लाल धूळ, आईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पण.

खानापूर_पॅसेंजर:
काका, साल १९८५ च्या आसपासचं धरलंय, म्हणजे ब्रॉडगेज व्हायच्या आधीचं. लाल धूळ डोक्यातच नव्हती बघा. गंज रंगाचं काम सोपं आहे, लाकडाच्या रेषा दाखवण्यापेक्षा तरी.

आर्डुइनो_अण्णा:
ब्लूटूथबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. एचएम ७००० चांगलं आहे, वेगळा कंट्रोलर लागत नाही, रुळाला कायम १५ व्होल्ट दिलं की झालं, वेग आणि आवाज मोबाईलवरून. पण हेच लक्षात ठेवा, त्या रुळावर चुकून तुमच्या जुन्या सेटमधलं साधं डीसी इंजिन ठेवलात तर ते फुल स्पीडनं सुटेल, माळ्यावरून खाली येईपर्यंत थांबणार नाही. टीटीसाठी घेणार असाल तर नेक्स्ट-१८ सॉकेटवालं मागा, ८ पिनचं उचलून आणाल आणि मग इथं येऊन रडाल.

मी स्वतः डीसीसी-ईएक्स वापरतोय, म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारा घरगुती कंट्रोलर. आर्डुइनो मेगा बोर्ड, वर रुळाला वीज देणारं मोटर शील्ड, सॉफ्टवेअर फुकट, वायफाय जोडलं की मोबाईलवर इंजिन ड्रायव्हर अ‍ॅप. शील्डला दोन आउटपुट असतात, एक मेन लाईनला, एक प्रोग्रॅमिंगच्या तुकड्याला. बोर्डं आपल्याकडं मिळतात, कस्टमची भानगड नाही. पण सोल्डरिंग येत नसेल तर डोक्याला ताप आहे, खोटं कशाला बोलू.

चेसिससाठी हॉर्नबीच्या टीटीतलं क्लास ५० बघा, वायडीएम-४ सारखंच सहा अ‍ॅक्सलचं आहे आणि १:१२० मध्ये साधारण १७४ मिमी लांब. तुमचं शेल मोजा, बोगीचं अंतर पण मोजा, मगच ऑर्डर टाका. शेल आतून घासायला लागेलच. आणि रूळ साफ करायला पॉलिश पेपर नको, ओरखड्यात घाण बसते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती बनियन.

तिसरं_गेट:
अण्णा बनियनचा सल्ला देणार हे माहीत होतं.

खानापूर_पॅसेंजर:
सगळ्यांचे आभार. शेल आत्ता मोजलं, १७४ पेक्षा चार-पाच मिमीनं जास्त भरतंय, म्हणजे मधे तुकडा घालून चेसिस वाढवायला लागणार काय अण्णा? रूळ फ्लेक्सीच मागवतो, दोन मीटर फक्त, आधी स्लीपर सरकवून बघतो. घाट एकाच बाजूला, तिसरं गेट म्हणतात तसं. लोंड्याच्या काकांना विनंती, लोको शेडकडं वळणारा रूळ स्टेशनच्या कुठल्या टोकाला होता तेवढं कागदावर काढून फोटो टाकाल काय?

लोंडा_शेड:
काढतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, रविवारपर्यंत थांब. नात फोटो टाकेल.